निळा टॅब, नारिंगी टॅब आणि एक खुर्ची

दोन टॅबपैकी कुठला घ्यावा हे विचारायला उज्वला दुकानात शिरली आणि पाच मिनिटांत काउंटरवर डोकं ठेवून झोपून गेली.

झोपायचा बेत अर्थातच नव्हता. पण दुपारचे सव्वादोन वाजलेले, नाशकात गंगापूर रोडवर डिसेंबरचं मऊ ऊन, आणि काचेच्या काउंटरसमोर ती गुबगुबीत, पाठ असलेली खुर्ची. पहाटे साडेपाचपासून पायांवर असलेल्या माणसासमोर अशी खुर्ची ठेवणं हाच मुळात गुन्हा. निळ्या टी-शर्टातला विक्रेता "यात पेन सोबत येतं, मॅडम," असं म्हणाला, एवढं तिला आठवत होतं. पेनाचं पुढे काय झालं ते काही कळलं नाही.

जाग आली तेव्हा पावणेतीन वाजत आले होते. गालाखाली कुणीतरी माहितीपत्रकांचा गठ्ठा सरकवून ठेवला होता. काउंटरवरचे दोन्ही टॅब, जे एरवी दिवसभर आपापल्या जाहिराती किंचाळत असतात, ते गप्प होते.

"किती वेळ..." ती पुटपुटली.

"पंचवीस मिनिटं," निळा टी-शर्ट म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण डोळ्यांत कुठेतरी ते दडवलेलं दिसत होतं. "पेनाचं परत सांगू, की झोपेत ऐकलंत?"

शेजारचा नारिंगी टी-शर्टवाला मात्र कुरकुरला, की आवाज हाच माझ्या टॅबचा सगळ्यात मोठा गुण, आणि या गोरक्षनं तोच बंद करायला लावला. उज्वलाला इतकं ओशाळल्यासारखं झालं, की काहीही न घेता ती गाडीला किल्ली लावून निघाली. सिग्नलला थांबल्यावर मात्र तिच्या लक्षात आलं, की आपण हसतोय. किती दिवसांनी ते आठवेना, म्हणून तिनं तो नाद सोडला.

उज्वला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती. थंडीत सकाळी सहापासून घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे. म्हाताऱ्या बायका म्हणायच्या, अगं बाई, सुईपेक्षा तुझी बोटंच जास्त टोचतात, किती गार. दोनला काम संपलं की स्कुटीवरून जेल रोडचं घर गाठायचं. तिथं कुसाबाई तिच्या वडिलांजवळ बसलेल्या असायच्या आणि चार वाजले की चपला घालायच्या, कारण साडेचारला त्यांचं दुसरं घर असायचं. चारनंतर दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत उज्वला.

वडील म्हणजे धोंडीरामआप्पा. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंट्रोल रूमला चौतीस वर्षं. मे महिन्यात अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. डोकं शाबूत होतं, समजत सगळं होतं, फक्त शब्द बाहेर पडत नव्हते. डाव्या हातात पेन ठरत नसे आणि वही घसरून पडत असे. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितलं, टॅब घ्या, चित्राला बोट लावलं की तोच बोलतो. फार महागडा नको, मधल्या किमतीचा चालेल, पण लवकर घ्या. पुढच्या काही महिन्यांत जेवढं येईल तेवढं येईल.

आप्पांचं एक वाक्य उज्वला लहानपणापासून ऐकत आली होती. रिलीव्हर आल्याशिवाय पॅनल सोडायचं नाही. पुढच्या पाळीचा माणूस येऊन खुर्चीशेजारी उभा राहिला, त्यानं लॉगबुकवर सही केली, की मगच उठायचं. एकदा रिलीव्हरची बस बंद पडली, तर आप्पा सोळा तास बसून राहिले आणि सकाळी येऊन उपम्यावरच पेंगले. आई हयात होती तोवर ही गोष्ट सगळ्या पाहुण्यांना सांगायची. आता ती गोष्ट आठवली की उज्वलाला हसू येत नसे. तिच्या मनात यायचं, त्यांना निदान सोळा तासांनी रिलीव्हर मिळाला.

भाऊ शेखर पुण्याला होता. तो मदत करायचा, म्हणजे टॅबच्या परीक्षणाचे व्हिडिओ पाठवायचा. एका व्हिडिओत निळा सरस, दुसऱ्यात नारिंगी. किंमत जवळजवळ सारखीच. निळा पातळ, सुंदर, पेनासकट. नारिंगी दणकट, मोठ्या आवाजाचा, पण जड. सगळे परीक्षक त्याच्या वजनाला नाकं मुरडत होते. खाली शेखरचा निरोप असायचा, तू बघ आणि ठरव. औषधं तिनं ठरवायची, पथ्य तिनं ठरवायचं, भाजी, गॅस, दिवाळीला कुणाकडे जायचं तेही तिनंच. आणि आता हे.

शुक्रवारी ती परत गेली. मग पुढच्या मंगळवारी. मग मंगळवार-शुक्रवार ठरूनच गेलं.

अशा दुकानात काउंटरमागे उभी असलेली मुलं दुकानाची नसतात, कंपन्यांची असतात. पगार कंपनीचा, टी-शर्ट कंपनीचा आणि महिन्याचं टार्गेटही कंपनीचं. गोरक्ष निळ्या कंपनीचा, सलीम नारिंगी. दोघं एकाच डब्यातून जेवायचे आणि गिऱ्हाईक आलं की वैऱ्यासारखे उभे राहायचे. पण उज्वला आली की सलीम हळूच चार्जरच्या फळीकडे सरकायचा. हे तिच्या लक्षात यायला दोन आठवडे लागले, आणि आल्यावर मात्र तिला कानशिलं गरम झाल्यासारखी वाटली.

गोरक्ष सटाण्याकडचा. मध्येच आईचा फोन आला की वळून हळू आवाजात अहिराणीत, जेवलो, सगळं बरं आहे, असं सांगायचा, "माय, जेवनू मी. बठं बरं शे." आणि परत तिच्याकडे फिरून शुद्ध दुकानी मराठीत, "तर मॅडम, बॅटरीचं सांगत होतो." त्याचं पुन्हा तेच सांगणं, तिचं पुन्हा तेच विचारणं. स्क्रीनवर बोट फिरवायला तो सांगायचा, पण तिच्या गारठलेल्या बोटांना टॅब दादच द्यायचा नाही.

"हात चोळा आधी," तो म्हणाला एकदा. "टॅबला पण ऊब लागते."

"माझ्या पेशंटसारखाच आहे मग. तोही कुरकुरतो."

"मला कधी टोचलंत, तर नाही कुरकुरणार."

"बोलतात सगळेच असं... बाही वर केली की रंग उडतो."

त्यानं खरोखरच निळी बाही कोपरापर्यंत वर केली आणि हात काउंटरवर ठेवला. तिनं सवयीनं शीर बघितली. चांगली ठसठशीत शीर होती. मग तिला कळलं की आपण शिरेकडे गरजेपेक्षा जास्त वेळ बघतोय, आणि तिनं घाईनं नारिंगी टॅबची वॉरंटी विचारली.

खरं सांगायचं तर, कुठलाही टॅब चालला असता. हे तिला तिसऱ्या फेरीलाच कळलं होतं. पण टॅब घेतला की त्या खुर्चीत बसायचं कारण संपणार होतं. दिवसाच्या चोवीस तासांत तीच एक जागा होती, जिथं तिच्याकडे कुणी काही मागत नव्हतं. उलट कुणीतरी तिला पाणी आणून देत होतं, तिच्यासाठी आवाज कमी करत होतं, आणि ती निघाली की दारापर्यंत नजरेनं सोडायला येत होतं.

आणि तिकडे घरी आप्पा पाण्यासाठी पलंगाच्या कडेवर बोटं आपटत होते.

पाचव्या आठवड्यात वाचा-उपचारवाल्या बाई जरा कडक बोलल्या. इतके दिवस वाया घालवलेत, आता प्रत्येक आठवडा मोलाचा. उज्वला तिथून सरळ दुकानात आली, खुर्चीत बसली, गोरक्षनं नेहमीप्रमाणे दोन्ही टॅब पुढे ठेवले, आणि तिनं ते परत मागे सरकवले. डोळे नुसते भरून आले.

"मला निवडायचा कंटाळा आलाय," ती म्हणाली. "सगळंच मी निवडायचं. चुकलं तर चूकही माझीच. तुम्ही सांगा ना, कुठला."

गोरक्षनं सलीमकडे बघितलं. मग म्हणाला, ज्यांना वापरायचा आहे, त्यांना विचारलं का आपण? आप्पांना?

तिनं विचारलं नव्हतं. पाच आठवड्यांत एकदाही नाही. आप्पा बोलत नाहीत म्हणून त्यांना विचारायचंही असतं, हे ती विसरूनच गेली होती, आणि त्याची तिला एकदम फार लाज वाटली.

डेमोचा टॅब दुकानाबाहेर न्यायचा नसतो. तरी बुधवारी, आपल्या सुट्टीच्या दिवशी, गोरक्ष दोन्ही टॅब पिशवीत घालून जेल रोडला आला. नारिंगी सलीमनं दिला होता, संध्याकाळपर्यंत परत आण या बोलीवर. गोरक्षच्या अंगात चौकटीचा शर्ट होता. टी-शर्टाशिवाय तो वेगळाच दिसत होता, थोडा लाजरा, थोडा घरचा. उज्वलानं पडदे सारखे केले, मग उगाच परत सारखे केले.

चित्रांचा प्रयोग पार फसला. डोळे मिचकावणारा पाण्याचा पेला, हसणारी उशी. आप्पांनी पेल्यावर बोट ठेवलं, तर एका लहान मुलीच्या लाडिक आवाजात टॅब म्हणाला, मला पाणी हवं आहे. आप्पांनी तो उपडा केला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यांच्या मानेची शीर ताठ झाली होती. उज्वलाला वाटलं, संपलं सगळं.

गोरक्ष जमिनीवर मांडी घालून बसला. त्यानं तिला हळूच विचारलं, आप्पा ड्युटीवर काय लिहायचे? ती म्हणाली, दर तासाला रीडिंग. तास, आकडा आणि शेरा, असे तीन रकाने. गोरक्षनं निळा टॅब घेतला, कोरं पान उघडलं, बोटानं तीन रकाने आखले आणि वर लिहिलं, लॉगबुक. मग तो आप्पांच्या मांडीवर ठेवून म्हणाला, "आप्पा, तीन वाजले. पॅनल तुमच्याकडं आहे."

आप्पांनी मान वळवली. रकान्यांकडे बघितलं. डावं बोट टेकवलं, ओढलं, आणि त्याबरोबर तो पातळ, सुंदर टॅब मांडीवरून सरकला. परत ठेवला, परत सरकला. तिसऱ्यांदा गोरक्षनं तो उचललाच आणि नारिंगी ठेवला. तो जड टॅब मांडीवर मुक्काम केल्यासारखा बसला. आप्पांचं बोट थरथरत चाललं. आधी तास, १५:००. मग बराच वेळ घेऊन, वेड्यावाकड्या अक्षरांत, शेऱ्याच्या रकान्यात दोन शब्द: चहा नाही.

आठ महिन्यांतले त्यांचे ते पहिले शब्द होते. पाहुणा येऊन बराच वेळ झाला तरी घरात चहा झालेला नाही, ही त्यांची तक्रार. उज्वला हसायला लागली आणि हसता हसता स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून रडली. बाहेर आली तेव्हा गोरक्ष दारात चपला घालत नव्हता, बाहेरच्या कपाटात कपबश्या शोधत होता.

"नारिंगी घ्या," जाताना तो म्हणाला.

"तुम्ही तर निळे ना?"

"बुधवारी सुट्टी असते," तो म्हणाला. "आज मी कुठल्याच रंगाचा नाही."

दुसऱ्या दिवशी तिनं नारिंगी टॅब घेतला. सलीमनं बिल केलं, आणि कसं कोण जाणे, तो खूश दिसत नव्हता. गोरक्षनं खोकं पिशवीत घालून दिलं. काही बोलावं असं दोघांनाही वाटत होतं, पण मागं गिऱ्हाईक उभं होतं. ती म्हणाली, "येते मग..." तो म्हणाला, "या." आणि ती बाहेर पडली. गाडीवर बसल्यावर तिला ती खुर्ची आठवली. आता तिथं कशाच्या नावाखाली जायचं?

कारण शोधायला तिला आठ दिवस लागले. टॅबला काच बसवायची राहिली होती. मंगळवारी सव्वादोनला ती दुकानात गेली, तर निळ्या टी-शर्टात कुणी तिसराच मुलगा होता. यात पेन सोबत येतं, मॅडम, असं तो म्हणाला.

सलीम तिला बाजूला घेऊन गेला. "उसका टार्गेट एक पीसनं राहिलं, मॅडम. महिनाअखेर होती. कंपनीनं उचलून सटाण्याच्या काउंटरला टाकला. मी म्हटलं होतं त्याला, अरे, मॅडमला तुझाच दे, काय फरक पडतो. तर म्हणाला, सलीमभाई, आप्पांच्या मांडीवरनं घसरतो तो."

काच बसवायला आणलेला टॅब तिच्या हातातच राहिला. एक पीस. तोच एक पीस, जो पाच आठवडे ती घेत नव्हती आणि शेवटी घेतला तो शेजाऱ्याचा. त्यानं एका शब्दानं सांगितलं असतं, तर तिनं डोळे मिटून निळा घेतला असता. म्हणूनच त्यानं सांगितलं नाही, हेही तिला कळलं, आणि ते कळल्यावर तिला तिथं उभं राहवेना.

सटाण्याला जाऊन यायचं म्हणजे अख्खा दिवस. चारला कुसाबाई चपला घालणार. जाणं शक्यच नव्हतं. तिनं सलीमकडून गोरक्षचा नंबर घेतला आणि दुकानाबाहेर स्कुटीवर बसूनच फोन लावला.

"हॅलो. मला दोन टॅबमधला फरक विचारायचा होता. एक निळा, एक नारिंगी."

पलीकडे ट्रॅक्टरचा हॉर्न, माणसांचा गलका. कांद्याच्या गाड्या चालल्या असाव्यात.

"नारिंगी जड असतो, मॅडम," तो म्हणाला. "पण जागचा हलत नाही."

"आणि निळा?"

"निळा... निळा सटाण्यापर्यंत घसरला."

ती हसली नाही. "तुम्ही सांगितलं का नाही मला?"

त्यानं विषय टाळला. म्हणाला, इथं बरं आहे, आईच्या हातचं जेवतो, नाशकातल्या मेसपेक्षा कधीही चांगलं. तिनं ते पुरतं ऐकूनही घेतलं नाही. आयुष्यात काही मागायची सवय नसलेल्या माणसाला मागताना दम लागतो, तसा तिला लागला होता.

"गोरक्ष, मी पाच आठवडे टॅब निवडत नव्हते. मला तुमच्यासमोर बसायचं होतं. एवढंच होतं ते."

"माहीत होतं," तो हळूच म्हणाला. "मी पण पाच आठवडे फरक नीट सांगत नव्हतो."

रस्त्यावरून एक बस गेली. तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बुधवारी सुट्टी असते ना अजून?" तिनं विचारलं. "मग या. मी असं कुणाला कधी म्हटलं नाही... मला फार झोप आलीय, गोरक्ष."

बुधवारी पावणेतीनला ती घरी पोचली तेव्हा तो आधीच येऊन बसला होता. चौकटीचा शर्ट, पायाशी कांद्याच्या पातीची जुडी, समोर आप्पा आणि आप्पांच्या मांडीवर टॅब. कुसाबाई स्वयंपाकघरातून डोळ्यांनीच काय काय विचारत होत्या. उज्वला म्हणाली, दहा मिनिटं पडते. तो म्हणाला, पडा. तिनं आतल्या खोलीचं दार लोटलं आणि पांघरूण ओढायच्या आत झोपली.

उठली तेव्हा खिडकीबाहेर दिवे लागले होते. सात वाजून गेले होते. ती धडपडत बाहेर आली. कुसाबाई केव्हाच गेल्या असणार, आप्पांचं संध्याकाळचं औषध, आणि साडेसहाची सटाण्याची गाडी... गोरक्ष पलंगाजवळच्या खुर्चीत तसाच बसला होता. औषधाची पट्टी, पाण्याचा पेला, सगळं जागच्या जागी.

"उठवलं का नाही? तुमची गाडी गेली."

"आठला दुसरी आहे. अन् रिलीव्हर आल्याशिवाय उठायचं नाही, असा हुकूम आहे." त्यानं आप्पांकडे बोट दाखवलं.

आप्पांनी टॅब तिच्याकडे वळवला. वेड्यावाकड्या अक्षरांत दुपार उतरली होती.

१५:०० — उज्वला झोपली.
१६:०० — कुसाबाई गेल्या. गोरक्ष पॅनलवर.
१७:०० — चहा झाला. साखर जास्त.
१८:०० — उज्वला झोपेत. सर्व नॉर्मल.
१९:०० — रिलीव्हर कामाचा आहे. कायम करण्यास हरकत नाही.

खाली एक रेघ ओढली होती. सहीसाठी.

उज्वलानं ते दोनदा वाचलं. गोरक्ष जमिनीकडे बघत होता, आणि त्याचे कान लाल झाले होते. वर न बघताच तो म्हणाला, सही केलीच पाहिजे असं काही नाही, आप्पांनी आपलं लिहिलंय... तिनं त्याला बोलू दिलं नाही. ती पलंगाच्या कडेला टेकली आणि रेघेवर बोट ठेवलं. काहीच उमटलं नाही. बोटं गार पडली होती.

मग त्यानं तिचा हात आपल्या दोन्ही तळव्यांत घेतला आणि चोळत राहिला. गरजेपेक्षा बराच जास्त वेळ. आप्पा सौजन्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते.

तिनं सही केली. आप्पांनी टॅब स्वतःकडे ओढून घेतला, ती नीट तपासली आणि सहीखाली वेळ टाकली, १९:१२.